टेक्स्टाइलचे मास्तर, लिनक्सचे ड्रायव्हर

सोलापूरकरांनो, आधी आपल्या धंद्यातली बातमी. मेजरमेंट कंप्युटिंग ही मोजमापाची कार्डं बनवणारी अमेरिकेतली नावाजलेली कंपनी. तिची यूएसबीवर चालणारी यंत्रं लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमला जोडायची तर लागणारे ड्रायव्हर वर्षानुवर्षं कंपनीने लिहिलेच नाहीत. ते लिहिले एका प्राध्यापकाने, आणि फुकट वाटले. लिनक्सवालं गिऱ्हाईक आलं की कंपनी त्यांच्याकडे बोट दाखवायची. आता हे प्राध्यापक कसले असतील? इलेक्ट्रॉनिक्सचे? कॉम्प्युटरचे? छे, टेक्स्टाइलचे! नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीचे वॉरन जॅस्पर. रंगाच्या पाण्यात कुठला रंग किती आहे ते यंत्राने ओळखायचं, हा त्यांच्या संशोधनाचा एक विषय. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल रंगवणाऱ्याला यातली गोम वेगळी सांगायला नको. शेड हुकली की अख्खा लॉट परत!

पुढे कंपनीला जाग आली आणि तिने स्वतःची मुक्त लायब्ररी काढली. पण वाट पाडली ती कापडवाल्या मास्तरांनी.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. बॉयलरचं तापमान, पंपाची थरथर, टाकीतला दाब हे सगळं सेन्सर व्होल्टमध्ये सांगतो. व्होल्टचे आकडे करून कॉम्प्युटरच्या हवाली करायचं काम डेटा अ‍ॅक्विझिशन कार्डाचं. प्रयोगशाळेत त्याला लाडाने ‘डॅक’ म्हणतात. कार्ड आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांची भाषा वेगळी, म्हणून मध्ये ड्रायव्हर लागतो. एकाच दुकानात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू चालणाऱ्या गावाला दुभाष्याचं मोल माहीत असतंच. हा दुभाष्या पुरवायचा कोणी? विंडोजसाठी कार्डवाली कंपनी पुरवते. लिनक्ससाठी कधी कंपनी, कधी कुणी मास्तर, कधी रात्र जागवणारा एखादा विद्यार्थी. मजेच्या सगळ्या गोष्टी इथेच घडतात.

नाव कॉमेडी, मुक्काम बारा वर्षं

लिनक्समध्ये डॅक कार्डांचा जो सर्वांत जुना आणि मोठा ड्रायव्हरसंच आहे, त्याचं नाव ‘कॉमेडी’. डेव्हिड श्लीफ यांनी सुरुवात केली, मग फ्रँक मोरी हेस, इयन अ‍ॅबट अशा मंडळींनी तो वाढवला. नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स, अ‍ॅडव्हान्टेक, एडीलिंक, डेटा ट्रान्सलेशन, कीथली, सगळ्यांची कार्डं एकाच पंगतीला. प्रोग्राम एकदा लिहा. उद्या दुसऱ्या कंपनीचं कार्ड घातलं तरी फार उलथापालथ करावी लागत नाही.

हा संच २००८ साली लिनक्सच्या कोडच्या मूळ साठ्यात, म्हणजे कर्नलमध्ये आला, पण थेट माजघरात नव्हे. ‘स्टेजिंग’ नावाची एक ओसरी असते. कोड चालतोय पण अजून नीटनेटका नाही, अशांची सोय तिथे. कॉमेडी त्या ओसरीवर किती काळ राहावी? २०२१ च्या ५.१३ आवृत्तीपर्यंत! एवढ्या वर्षांत पोराचं शाळेचं शिक्षण पुरं होतं.

फाइलींच्या नावांत तर इतिहासच गोठून राहिलाय. मेजरमेंट कंप्युटिंगच्या पीसीआय कार्डांच्या ड्रायव्हरचं नाव आजही ‘सीबी’ने सुरू होतं. का? तर कंपनीचं जुनं नाव कॉम्प्युटरबोर्ड्स. पुढे पाटी बदलली, २००५ मध्ये नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सने कंपनी विकत घेतली, आणि २०२३ मध्ये खुद्द नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सला इमर्सनने विकत घेतलं, तब्बल ८.२ अब्ज डॉलरला. मालक बदलत गेले. कॉमेडीतला ‘सीबी’ जागचा हलला नाही. विक्रेत्याच्या वेबसाइटवरचा ड्रायव्हर अशा प्रत्येक खरेदी-विक्रीत हरवू शकतो. मूळ साठ्यात गेलेला मात्र तिथेच असतो. माझ्या मते या विषयातली सर्वांत कामाची गोष्ट हीच.

८२५५ ला नमस्कार

८०८५ च्या प्रॅक्टिकलला ८२५५ चा कंट्रोल वर्ड पाठ केलेल्या तमाम अभियंत्यांनो, तुमची मेहनत अगदीच वाया गेलेली नाही. इंटेलच्या त्या जुन्या चिपसाठी कॉमेडीत स्वतंत्र ड्रायव्हर आहे, कारण असंख्य कार्डांवर डिजिटल इनपुट-आउटपुटचं काम तीच चिप किंवा तिची नक्कल करते. प्रिंटरचा जुना पॅरलल पोर्ट डिजिटल इनपुट-आउटपुट म्हणून वापरायलाही ड्रायव्हर आहे. भंगारात काढलेल्या पीसीकडे जरा आदराने पाहा.

आणि कार्डच नसेल तर? त्याचीही तोड आहे. कॉमेडीत एक चाचणी ड्रायव्हर आहे, तो नसलेलं कार्ड असल्यासारखं दाखवतो. चौकोनी लाट, करवतीच्या दातांसारखी लाट, दोन्ही खोट्या पण वेळेवर. तीस विद्यार्थी आणि एक कार्ड अशी अवस्था असलेल्या प्रयोगशाळेला हे वरदानच म्हणायचं. प्रोग्राम या भूतकार्डावर लिहावा, मग खऱ्या कार्डावर चालवून पाहावा.

खोडदचं बाजारातलं कार्ड

‘लिनक्स शिकायला ठीक, पण मोठं काम जमतं का?’ हा प्रश्न अजून ऐकू येतो. उत्तर नारायणगावच्या पुढे, खोडदला आहे. तिथल्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या तीस तबकड्या, प्रत्येक ४५ मीटर व्यासाची. या सगळ्या तबकड्यांचे सिग्नल एकत्र करणारी यंत्रणा आधी खास बनवलेल्या हार्डवेअरवर चालायची. मग पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर ठरवलं, की हे काम सॉफ्टवेअरने करायचं, आणि सामान सगळं बाजारात मिळणारं घ्यायचं. पीसीआयमध्ये बसणारी डॅक कार्डं आणि ४८ लिनक्स कॉम्प्युटरांचा ताफा.

३३ मेगाहर्ट्झचा पट्टा टिपायचा तर नियमाने सेकंदाला ६ कोटी ६० लाख वेळा मोजावं लागतं. तेही एका सिग्नलसाठी. यंत्रणेत सोय होती ३२ अँटेनांपर्यंत, प्रत्येकीचे दोन सिग्नल. हे सगळं साठवून नंतर निवांत सोडवायचं नाही, आलं की लगेच. २०१० मध्ये त्यावर शोधनिबंध आला. या आकाराच्या दुर्बिणीसाठी सॉफ्टवेअरवर, तेही त्याच क्षणी चालणारी अशी यंत्रणा बहुधा जगात पहिलीच, असं त्यात लिहिलंय. द्राक्षाच्या बागांच्या पट्ट्यात हे घडलं आणि आपण अजून विचारतोय लिनक्सला जमेल का!

पुढचा अंक मराठवाड्यात. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा होणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या अमेरिकेतल्या थोरल्या बहिणींमध्ये आरसे स्थिर ठेवणं आणि नोंदी घेणं ही दोन्ही कामं लिनक्सवर चालतात. डॅक कार्डं तयार विकत घेतलेली, १६ बिटांची, सेकंदाला ६५,५३६ वेळा मोजणारी.

पण साधं लिनक्स लहरी. मध्येच डिस्क पाहील, मध्येच नेटवर्ककडे वळेल, आणि आरशाला तेवढी उसंत नाही. मग लायगोच्या मंडळींनी शक्कल लढवली. प्रोसेसरचा एक गाभा लिनक्सच्या हातून काढूनच घ्यायचा. लिनक्सला वाटतं तो गाभा बंद आहे, आणि तिथे मोजमापाचा प्रोग्राम एकटाच, कुणाचा व्यत्यय न होता पळत असतो. घरातल्या एका खोलीला कुलूप लावून बारावीच्या मुलाला अभ्यासाला बसवणाऱ्या आईवडलांना ही युक्ती लगेच पटेल.

असंच एक उदाहरण मुंबईचं. कुलाब्याला, टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या आवारातला पेलेट्रॉन हा कणत्वरक १९८८ पासून आहे. तिथल्या प्रयोगांच्या नोंदी घेण्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्रात लिनक्सवर चालणारं ‘लॅम्प्स’ हे सॉफ्टवेअर तयार झालं. ते ज्या ‘कॅमॅक’ पद्धतीच्या यंत्रांशी बोलतं, ती पद्धत १९६० च्या दशकाअखेरची, म्हणजे लिनक्सहून वीसेक वर्षांनी थोरली.

अख्ख्या देशाची नाडी, माइकच्या सॉकेटात

तुमच्याकडे डॅक कार्ड आहेच, फक्त त्यावर तसं लिहिलेलं नाही. साउंड कार्ड! १६ बिट, सेकंदाला ४४,१०० नमुने, आणि लिनक्समध्ये ड्रायव्हर बहुतेक वेळा आपोआप. खोट एकच. ते स्थिर व्होल्टेज मोजू शकत नाही, कारण वाटेत बसवलेला कपॅसिटर ते अडवतो. बॅटरीचं व्होल्टेज मोजायला निघालात तर शून्यच हाती येईल. पण हलणाऱ्या सिग्नलसाठी झकास.

आता सोलापूरची कमाल ऐका. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन सुरू झाली. त्याआधी दक्षिणेचं वीजजाळं स्वतःच्या तालावर चालायचं. बाकीच्या देशाशी त्याची देवाणघेवाण व्हायची ती डीसी दुव्यांतून. या लाइनमुळे दक्षिण आणि उरलेला भारत एका तालावर आले. म्हणजे काय, तर आज तुम्ही सात रस्त्याला बसून विजेची फ्रीक्वेन्सी मोजलीत, तर तोच आकडा कोचीला मिळेल आणि श्रीनगरलाही.

मोजायची कशी? माइकच्या सॉकेटात वायरचं एक मोकळं टोक लावा, दुसरं टोक तसंच टेबलावर पडू द्या. भिंतीतल्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुण ती आपोआप पकडते. रेकॉर्ड करा, प्रोग्रामने फ्रीक्वेन्सी काढा, ४९.९५, ५०.०२ अशी हलताना दिसेल. मागणी वाढली की आकडा खाली येतो, वीज जास्त झाली की वर जातो. मात्र त्या वायरचं टोक चुकूनही प्लगमध्ये घालायचं नाही. साउंड कार्ड जाईल, आणि तुम्हीही.

जाता जाता: ४४,१०० हा विचित्र आकडा आला कुठून? डिजिटल आवाज आधी व्हिडिओ टेपवर साठवायचे. अमेरिकी टीव्हीच्या हिशोबाने २४५ ओळी, ६० वेळा, ओळीमागे ३ नमुने. युरोपच्या हिशोबाने २९४ ओळी, ५० वेळा, पुन्हा ३. गुणाकार करून पाहा, दोन्हीकडे तेच उत्तर.

आर्डुइनो पळवणारा सज्जन

पुण्याच्या बुधवार पेठेतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या स्वस्त आर्डुइनो बोर्डावर बहुधा सीएच३४० ही चिनी चिप असते. तिचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून आहे. तरीही उबंटू २२.०४ या लिनक्स वितरणावर अनेकांचे बोर्ड जोडताच क्षणभर दिसायचे आणि गायब व्हायचे. चोर कोण? अंधांसाठीचं ब्रेल उपकरण चालवणारा प्रोग्राम! एका ब्रेल उपकरणात हीच चिप, त्यामुळे ओळख क्रमांकही हाच. बिचारा प्रोग्राम आपलंच उपकरण समजून ते ताब्यात घ्यायचा. ब्रेल उपकरण वापरात नसेल तर तो प्रोग्राम काढून टाकायचा, बोर्ड परत हजर.

दुसरी नेहमीची रड ‘परमिशन डिनाइड’. बोर्ड ठीक, ड्रायव्हर ठीक, फक्त तुमचं नाव ‘डायलआउट’ गटात नाही. मोडेमच्या जमान्यातलं हे गटाचं नाव अजून आपल्याला छळतंय.

आणि २०१४ ची ती गाजलेली भानगड. एफटीडीआय या चिप कंपनीने विंडोजच्या अपडेटमधून असा ड्रायव्हर सोडला, की नकली चिप दिसली तर तिचा ओळख क्रमांक पुसून शून्य करायचा. गिऱ्हाइकाला काय कल्पना, की केबलच्या पोटात नकली माल आहे? यंत्रं पटापट मुकी झाली. लिनक्सवाल्यांनी काय करावं? शून्य क्रमांकाची चिपही ओळखायची अशी ओळ आपल्या ड्रायव्हरमध्ये घातली. विंडोजने बेशुद्ध केलेल्या केबली लिनक्सवर चालायला लागल्या. नकलेचं समर्थन मी करत नाही, पण शिक्षा नकली माल बनवणाऱ्याला व्हावी, केबल घेणाऱ्याला कशाला?

फुकट देतो म्हटलं तरी

२००७ मध्ये लिनक्सचे एक मुख्य शिलेदार ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कंपन्यांना जाहीर आवतण दिलं. तुमच्या हार्डवेअरची माहिती द्या, आम्ही ड्रायव्हर फुकट लिहून देतो, सांभाळतोही. शेकडो प्रोग्रामर नाव नोंदवून मोकळे. कामच अपुरं पडलं!

याच ग्रेग यांनी लिहिलेला एक दस्तऐवज लिनक्सच्या अधिकृत कागदपत्रांत आहे. त्याच्या फाइलच्या नावातच ‘नॉन्सेन्स’ हा शब्द येतो. सांगणं असं, की लिनक्सच्या आतली रचना आम्ही वाटेल तेव्हा बदलणार. ज्यांचा ड्रायव्हर मूळ साठ्यात आहे, त्यांचा आम्हीच दुरुस्त करू. बाहेरच्यांनी आपापलं बघावं. कंपनीच्या सीडीवरचा बंद ड्रायव्हर अपडेटनंतर का लंगडतो, त्याचं कारण हेच. कंपन्यांना हा हेका वाटतो. मला तो रास्त वाटतो, कारण दुरुस्तीचा भार उचलणाऱ्याला अट घालायचा हक्क असतोच.

सगळ्याच कंपन्या तोंड फिरवून बसलेल्या नाहीत. अ‍ॅनालॉग डिव्हाइसेसचे पगारी इंजिनिअर आपल्या चिपांचे ड्रायव्हर स्वतःच मूळ साठ्यात देतात. अशा चिपांसाठी लिनक्समध्ये ‘इंडस्ट्रियल आयओ’ हा वेगळा विभागच आहे, तो जोनाथन कॅमरन यांनी उभा केला. त्यात व्होल्टेज वाचणं म्हणजे एक फाइल उघडून आतला आकडा पाहणं, बस्स. यूएसबी-डक्स हे कार्ड तर मुळात लिनक्स डोळ्यांसमोर ठेवून बनलं. त्याचे ड्रायव्हर लिहिणारे बेर्न्ड पोर हे ग्लासगो विद्यापीठातले प्राध्यापक. पुन्हा मास्तरच! नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स मधल्या वाटेवर आहे. उबंटू, रेड हॅट आणि ओपनसुसे यांच्या ठरावीक आवृत्त्यांसाठी ड्रायव्हर देते. यादीत तुमची आवृत्ती असली तर मजेत, नसली तर बसा.

आपल्याकडचे दोन उद्योग, फिनलंडचा एक

आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या गटाने एक छोटं यंत्र बनवलं. नायक्रोमची कॉइल, कॉम्प्युटरमधला पंखा, तापमानाचा सेन्सर आणि एक मायक्रोकंट्रोलर. कॉइल तापवायची, पंखा गार करणार, आणि विद्यार्थ्याने सायलॅब या सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्राम लिहून तापमान हवं तिथे आणून ठेवायचं. अशी यंत्रं पवईत मांडून इंटरनेटवरून दूरच्या कॉलेजांना वापरायला दिली. एका कॉलेजात हार्डवेअर, प्रॅक्टिकल दुसऱ्याच गावात.

दुसरं दिल्लीचं. इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरमध्ये अजित कुमार यांच्या पुढाकाराने झालेलं ‘एक्सपआइज’. हातावर मावणारी डबी, पायथन, आराखडे सगळे खुले. कॉम्प्युटरमध्ये काही बसवायचं नसेल तर लिनक्सची लाइव्ह सीडी घाला आणि कामाला लागा. डेबियनच्या भांडारातही तिचं पॅकेज आहे. कणत्वरक चालवणाऱ्या संस्थेने बारावीच्या पोरांसाठी खेळणं बनवावं, याचं मला भारी कौतुक वाटतं.

आणि फिनलंडचा किस्सा. आन्टी पालोसारी नावाचा गडी २०१२ मध्ये टीव्ही पाहायच्या स्वस्त यूएसबी डाँगलचा लिनक्स ड्रायव्हर लिहीत होता. त्याच्या लक्षात आलं, की ही डाँगल एका वेगळ्या मोडमध्ये कच्चे नमुनेच बाहेर फेकते. त्यातून जगभरच्या हौशी मंडळींना पॉकेटमनीत परवडणारा रेडिओ रिसीव्हर मिळाला. अट एकच होती, कुणीतरी ड्रायव्हर उघडून आत डोकावण्याची.

कोटेशन मागवण्याआधी

सोलापूरच्या कॉलेजांत, डाइंग युनिटांत आणि साखर कारखान्यांत खरेदी करणाऱ्यांसाठी थेट कामाचं. हातात कार्ड आलं की आधी ओळख क्रमांक पाहा. लिनक्समध्ये पीसीआय आणि यूएसबीची यादी दाखवणाऱ्या आज्ञा आहेत. इंटेलचा क्रमांक ८०८६, आपल्या जुन्या प्रोसेसरच्या नावाचा. नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सचा १०९३. कंपनीचा आणि कार्डाचा, दोन्ही क्रमांक कॉमेडीच्या किंवा इंडस्ट्रियल आयओच्या ड्रायव्हरमध्ये सापडले तर निर्धास्त व्हा.

माहितीपत्रकावरच्या ‘लिनक्स सपोर्टेड’ या दोन शब्दांवर मात्र पैसे टाकू नका. कुठल्या वितरणावर, कुठल्या कर्नल आवृत्तीवर, ड्रायव्हरचा सोर्स मिळतो का, रजिस्टर मॅन्युअल देता का, हे चार प्रश्न कोटेशनच्या अर्जातच छापा आणि उत्तर लेटरहेडवर सहीशिक्क्यानिशी घ्या. जो विक्रेता चारही उत्तरं देईल त्याचं कार्ड हजारभर रुपयांनी महाग असलं तरी तेच घ्या.